पैरवी समाजकार्यकर्त्याची की फक्त वकिलांची?

धागालेखिका: समाजकार्यकर्त्याने समुपदेशन करावे, सेवा मिळवून द्यावी आणि पैरवी, म्हणजे हक्कासाठी बाजू मांडणे, वकिलांवर सोपवावी, असे काल येथे एका समुपदेशक सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प बसवेना. दोन कागदांवर नावातले एक अक्षर वेगळे, एवढ्यावरून एका बाईंचे निवृत्तिवेतन अडले होते आणि खिडकीवरचा कारकून अर्ज न वाचताच परत सरकवीत होता. आम्ही नकार लेखी मागितला, वरिष्ठांकडे अपील केले, तेव्हा वेतन सुरू झाले. नुसता धीर देऊन त्यांची चूल पेटली नसती.

समुपदेशक: एका व्यक्तीसाठी भांडायला माझा विरोध नव्हता. तिच्या दुःखाचे धोरणाच्या मागणीसाठी भांडवल करण्याला आहे. एका संस्थेने छळ सोसलेल्या मुलीचे नाव वगळले, पण ओळख पटेल इतका तपशील निवेदनात ठेवला. तिला घर सोडावे लागले. तिला कोणी विचारले होते?

धागालेखिका: तो विश्वासघात होता, त्यावरून साऱ्या पैरवीला झोडपू नका. अमेरिकेत शिकागोच्या हल हाउस या समाजसेवा केंद्रात राहणाऱ्या समाजसुधारक फ्लॉरेन्स केली यांनी कामगारांच्या घरी जाऊन पाहणी केली, म्हणूनच १८९३ मध्ये इलिनॉय राज्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी घातली आणि स्त्रियांचे काम आठ तासांवर आणले.

समुपदेशक: आठ तासांचे कलम १८९५ मध्ये न्यायालयाने रद्द केले, हेही लिहा.

धागालेखिका: मुलांवरची बंदी टिकली, हे तुम्हीही लिहा!

जुना कार्यकर्ता: दोघेही अनुदानाविषयी बोलत नाही. मी होतो त्या संस्थेत एका खात्याविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा अध्यक्षांनी माझ्यासमोर फाडला, कारण पैसा त्याच खात्याकडून येत होता. ज्याच्या हाती दोरी, त्याच्याविरुद्ध कार्यकर्ता बोलणार कसा?

समुपदेशक: मग बाहेरची वकील संघटना गाठावी. माझा मुद्दा मात्र तसाच आहे: संमती एकदा सही घेऊन संपत नाही. निवेदन पाठवण्यापूर्वी मसुदा तिला वाचून दाखवा आणि तिला नको असलेले वाक्य काढा, मग मागणी कितीही फिकी पडो.

धागालेखिका: वाचून दाखवणे आणि वाक्य काढणे मान्य, नाइलाजाने नव्हे. पण तिचे वाक्य गेले म्हणून मागणी फिकी पडू देणार नाही. तोच जाच सोसणाऱ्या, बोलायला तयार असलेल्या इतर जणींना शोधणे हेही आमचेच काम आहे.