‘फुल-फ्लोटिंग’ एक्सलला मराठीत काय म्हणावं?

घाटवाट
जुन्या जीपगाड्यांच्या मागच्या एक्सलवरचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या आडव्या जोडणीवरचा, एक लेख मराठीत आणतोय. त्यात सेमी-फ्लोटिंग आणि फुल-फ्लोटिंग या दोन जातींची तुलना आहे. मी ‘अर्धतरंगता आस’ आणि ‘पूर्णतरंगता आस’ असं लिहिलं, तर पहिल्याच वाचकानं विचारलं, ‘ही गाडी नदीत तरंगते का?’ त्याची काही चूक नाही. तरंगणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणीच येतं.

थोडक्यात फरक असा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी या जीपला मागे फुल-फ्लोटिंग होता. त्यात चाकाचा हब (मधला भाग) दोन बेअरिंगांवर हौसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या पोकळ कवचाच्या, टोकाशी बसतो. वजन हौसिंग पेलतं, आतला शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, फक्त पीळ (फिरवण्याचा जोर) पोचवतो. १९४५ साली नागरी जीप सीजे-२ए आली, तिच्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर सेमी-फ्लोटिंग आला. त्यात चाक शाफ्टच्याच टोकावर बसतं, म्हणजे पीळही शाफ्टनंच सोसायचा आणि त्या टोकाचं वजनही. ‘तरंगता’ सोडून दुसरा शब्द सुचवाल का?

जुनं लोखंड
शब्द कशाला हवा? गॅरेजात तीस वर्षं काढली. मिस्त्री ‘फुल फ्लोटिंग’ म्हणतो, गिऱ्हाईकही तेच म्हणतं आणि काम होतं. ‘पूर्णतरंगता’ म्हणून सामान मागायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

शब्दवेडी
दादा, दुकानात काय मागायचं हा प्रश्नच नाही. वाचणाऱ्याला समजायला हवं. मी ‘भारमुक्त’ आणि ‘भारवाही’ सुचवेन. शाफ्टवर भार आहे की नाही, एवढंच तर सांगायचंय.

घाटवाट
ताई, ‘भारमुक्त’ चांगला आहे, पण तिसरी जातही आहे. थ्री-क्वार्टर फ्लोटिंग. तिच्यात एकच बेअरिंग हौसिंगच्या बाहेरून बसतं, वजन बरंचसं हौसिंगवर जातं, पण वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटा शाफ्टलाही सोसावा लागतो. ‘पाऊण भारमुक्त’ म्हणू?

शब्दवेडी
खुशाल म्हणा. अर्धा, पाऊण, पूर्ण अशी उतरंड आपल्याकडे आयती आहे. इंग्रजीला तिथे ‘तीन चतुर्थांश’ असं लांबण लावावं लागतं.

मुरूम
मुळात ‘आस’ हा शब्दच इथे चुकीच्या वस्तूला लावलाय असं मला वाटतं. माझे आजोबा बैलगाडी हाकायचे. गाडीचा आख लोखंडी, जागच्या जागी घट्ट. त्याच्या टोकांवर चाकाचे तुंबे फिरायचे, आख स्वतः कधीच फिरायचा नाही. त्याचं काम एकच, ओझं पेलायचं. जीपमध्ये ते काम कोण करतं? हौसिंग. मग आख म्हणजे हौसिंग. आतला फिरणारा शाफ्ट हा नुसता दांडा. फुल-फ्लोटिंग ही थेट आमच्या बैलगाडीची रचना आहे, फक्त आख पोकळ केला आणि त्यातून चाक फिरवायला दांडा घातला. सेमी-फ्लोटिंगमध्ये तो दांडाच टोकाशी आख होऊन बसतो. हे कळलं की ‘तरंगणं’ लागतच नाही.

घाटवाट
हे मला सुचलं नव्हतं. पण शाळेत आपण ‘पृथ्वीचा आस’ शिकलो. तिथे ना ओझं ना दांडा, नुसती कल्पनेतली रेषा. वाचक ‘आस’ म्हटल्यावर ज्याच्याभोवती फिरतं ते समजेल, पेलणारं नव्हे.

पोथीवाचक
मुरूम यांना दुजोरा. संस्कृत ‘अक्ष’, प्राकृत ‘अक्ख’, मराठी ‘आख’. आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात ‘तस्य नाक्षस्तप्यते भूरिभारः’ असं येतं. एवढं ओझं पेलूनही त्या चाकाचा आख तापत नाही. त्याच ऋचेत ‘पञ्चारे चक्रे’ आहे, आपले चाकाचे आरे तेच. म्हणजे आखाला ओझ्याशी जोडणं किती जुनं आहे बघा. भूगोलातली रेषा त्यापुढे कालची.

बीडचा
आमच्याकडे ‘आख’ कोणी म्हणत नाही. आम्ही ‘कणा’ म्हणतो. गाडीचा कणा मोडला, बस्स. पाठीचा कणा पेलतो तसाच हा. लेखात ‘कणा’ टाका, सगळ्या महाराष्ट्राला कळेल.

मुरूम
सगळ्या महाराष्ट्राला नाही कळणार हो. आमच्याकडे कणा पाठीलाच.

जुनं लोखंड
आता माझं ऐका. माझ्या स्वतःच्या गाडीला मागे सेमी-फ्लोटिंग आहे, शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब, दोघांना एकत्र फिरवायला मधे चावी, म्हणजे लोखंडाची छोटी पट्टी, आणि बाहेरून नट. वरंधा घाटात नट ढिला झाला, चावी कातरली गेली. इंजिन ओरडतंय, शाफ्ट हबच्या आत नुसता फिरतोय आणि गाडी तिथेच. शाफ्टच तुटला असता तर चाक ब्रेकच्या ड्रमसकट बाहेर आलं असतं. फुल-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला तर बोल्ट काढून तुकडे बाहेर ओढायचे. चाक जमिनीवरच उभं असतं. मग पुढचा एक्सल इंजिनाला जोडला की गाडी घरी. मुरूमभाऊ म्हणतात ते खरं आहे, दांडा मोडला तरी आख शाबूत राहतो. शब्द मला आजही नको, पण हा फरक लेखात यायलाच हवा.

शब्दवेडी
दादा, आत्ता तुम्हीच ‘आख शाबूत राहतो’ असं लिहिलंत, आणि मला एका वाचनात सगळं कळलं.

पोथीवाचक
चाक निखळण्यावरून आठवलं. दशरथाच्या रथाचा आस मोडला आणि कैकेयीने तिथे हात घातला, अशी गोष्ट आपण ऐकत आलो. अध्यात्मरामायणात मात्र ‘अक्षकील’ आहे. म्हणजे आस नव्हे, चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला असते ती खीळ.

बीडचा
माझी आजी आसच सांगायची. खिळीच्या भोकात हात घालून रथ कसा चालेल?

मुरूम
आस मोडल्यावर तरी हाताने कसा चालेल? ओझं सगळं आखावर असतं. खीळ फक्त चाक बाहेर जाऊ देत नाही, तिथे घटकाभर हात टिकण्याची शक्यता तरी आहे. मला खीळच पटते. आमच्याकडे तिला ‘कुणी’ म्हणतात.

घाटवाट
मंडळी, सोमवारी लेख द्यायचा आहे. सध्या ‘भारमुक्त दांडा’ आणि ‘भारवाही दांडा’ लिहून ठेवतोय, हौसिंगला ‘आख’. पाऊणचं अजून अडलंय.

बीडचा
‘आख’ नको, ‘कणा’ लिहा. आणि मुरूम, ‘कुणी’ तुमच्याकडे लाकडाची असायची की लोखंडाची?