सीआरपी वाढला म्हणजे बाळ लवकर येणारच असं नाही

ताई, पाचव्या महिन्यात वहिनींचा सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन, जास्त आला म्हणून बाळ लवकर येईल असं वाटून तुम्ही घाबरलात, आणि वर कुणीतरी संभाजीनगरला नेऊन इंटरल्युकिन-६ (हाही दाहाचाच एक घटक) पण करून घ्या म्हणतंय. थांबा जरा.

सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो आणि अंगात कुठंही दाह असला की वाढतो. किडलेली दाढ, लघवीतला संसर्ग, साधा ताप, जास्तीचं वजनसुद्धा. गरोदरपणात तसाही तो थोडा चढलेलाच असतो. जास्त सीआरपी आणि ३७ आठवड्यांआधीचं बाळंतपण यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, खरंय. पण त्यावरून एकट्या बाईचं भाकीत करता येत नाही. इंटरल्युकिन-६ चं खरं मोल गर्भजलात मोजलं तर, आणि त्यासाठी पोटातून सुई घालावी लागते. रक्तातल्या आकड्यासाठी पैसे कशाला घालायचे?

त्यापेक्षा लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करा. हे आपल्याकडं फार मागं पडतं. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका फडात आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात, लघवी दाबून धरतात. जळजळ नसली तरी जंतू असू शकतात, आणि गरोदरपणात त्यावर उपचार करतातच.

दुसरं, आतून (योनीमार्गातून) सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी बघून घ्या. २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिमीपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देतात. आधीचं बाळंतपण लवकर झालं होतं का, हे तुम्ही लिहिलंच नाही; डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा.