मदत हवी आहे: आईच्या ताटात प्रथिनं वाढवायची, पण भात-भाकरी आणि तेल न वाढवता

आई ६२ वर्षांची, वजन ६० किलो. साखर सीमारेषेवर आलीये. डॉक्टर म्हणाले, पिष्टमय पदार्थ कमी करा, प्रथिनं वाढवा. घरात मासे किंवा मटण फक्त रविवारी, आणि श्रावणात तेही बंद. अंडी आठवड्यातून दोन-तीनदा खाते.

किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम धरलं तर तिला रोज ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. मी वजनकाटा घेऊन बसले. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून जेमतेम १२ ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ६-७, वाटीभर दह्यातून ५ च्या आसपास. भात-भाजी धरूनही तिशीच्या पुढे जात नाही.

माझी खरी अडचण पुढे आहे. डाळ वाढवावी, तर १०० ग्रॅम डाळीत निम्म्याहून जास्त पिष्टच. दाण्याचं कूट तिला फार आवडतं, पण दाण्यांत जवळपास निम्मी चरबी. मोड आलेल्या मटकीने पोट फुगतं. सोयाबीनच्या वड्यांचा वास तिला सहन होत नाही. आणि एक भाकरी कमी केली की चारला भूक लागते, मग हात बिस्किटांकडे जातो. भूक मारून तिला राहायला लावणं मला पटत नाही.

तुमच्या घरी अशा ताटाचं गणित कोणी जमवलंय का? सोयाचा वास जायला काय करता? संध्याकाळच्या खाण्याला ताक, पनीर, भाजके चणे यांतलं काय टिकलं? तिची मूत्रपिंडाची तपासणी नॉर्मल आहे. श्रावणातलं रोजचं जेवण कोणी मापासकट लिहिलं तर फार मदत होईल.