एकही कॉलनी नाही, तरी प्लेटचे वेल गडद जांभळे: हिरड्याच्या अर्काचं काय चुकतंय?

अर्कवेडी: एमएस्सीच्या प्रकल्पात हिरड्याचा मेथेनॉल अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या बायोफिल्मवर (पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या थरावर) तपासतेय. ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट, टीएसबी या द्रव माध्यमात २४ तास वाढ, धुणं, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग, पुन्हा धुणं, ३३ टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये रंग सोडवून ५९० नॅनोमीटरला रीडिंग. एमआयसीच्या (जिवाणूंची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेच्या) वरच्या वेलमधून आगरवर जिवाणूंची एकही कॉलनी येत नाही, पण सगळ्यात गडद जांभळे तेच! तीनदा केलं, तीनदा तेच. मला सांगितलं गेलं की ही वनस्पती सोडून दे. पण वेलच्या तळाशी एक तपकिरी साय दिसते, पिपेटचं टोक लागलं की अख्खी सुटून येते. ती नक्की कशाची?

जांभळी_प्लेट: वनस्पती सोडू नका. हिरड्यात टॅनिन भरपूर. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, कातडी कमावतात ती त्याच गुणावर. टीएसबीतल्या पेप्टाइड्सशी जुळून त्याचा साका बसत असणार, आणि क्रिस्टल व्हायोलेट साकाही रंगवतं. जिवाणू न घालता नुसतं माध्यम अन् अर्क ठेवा, प्रत्येक मात्रेला वेगळा वेल, धुणं-रंगवणं तेच. अर्क ज्यात विरघळवला त्या डीएमएसओचा कंट्रोल आहे ना?

सबएमआयसी: शिवाय हा रंग मेलेल्या पेशींनाही लागतो, त्यामुळे जिवंत किती ते त्यातून कळत नाही. बायोफिल्म खरवडून, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी पेशी सुट्या करून) कॉलनी मोजा. एमटीटीकडे (जिवंत पेशी दाखवणाऱ्या रंगचाचणीकडे) वळू नका, टॅनिनसारखे पॉलिफेनॉल त्याला जिवाणूंशिवायच जांभळं करतात. आणि एमआयसीच्या वर बायोफिल्म घटली तर त्यात नवल नाही, जिवाणूच वाढले नाहीत. खरी परीक्षा एमआयसीच्या खाली. तयार बायोफिल्मवर अर्क टाकणं हा वेगळा प्रयोग, दोन्हींचे आकडे एकत्र करू नका.

अर्कवेडी: डीएमएसओचा कंट्रोल होता, साधाच आला. काल जिवाणूंशिवायची प्लेट लावली. तीच साय, तोच जांभळा! इतके दिवस मी साकाच मोजत होते. आता अर्धा अर्क पीव्हीपीपीवरून (टॅनिन धरून ठेवणाऱ्या भुकटीवरून) घेऊन टॅनिन काढते आणि दोन्ही अर्क शेजारी-शेजारी लावते, एमआयसीच्या निम्म्या आणि पाव मात्रेला, कॉलनी मोजून. टॅनिन गेल्यावर परिणामही गेला, तर तो टॅनिनचाच, आणि ते मी प्रबंधात तसंच लिहीन.

जांभळी_प्लेट: कडेचे वेल रिकामे ठेवा, नुसतं पाणी भरून. तिथलं माध्यम लवकर आटतं.