मदत हवी आहे: विहिरींचे सगळे बिंदू नकाशावर भलतीकडेच पडायलेत

मांजराकाठ
सोमवारी विभागात प्रोजेक्ट दाखवायचाय आणि नकाशाच होईना. लातूर तालुक्यातल्या 240 विहिरी आम्ही तिघांनी मे महिन्याच्या उन्हात फिरून नोंदवल्या. फाइल टाकली की सगळे बिंदू पार वर, नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात. तालुक्याची हद्द मात्र जागच्या जागी दिसते. दोन रात्री यातच गेल्या. कळत असेल तर लवकर सांगा. पाणीपातळीचा रंगीत नकाशा कसा करायचा तेही सांगा, सरांना तो हवाच आहे.

भूगोलवेडा
सॉफ्टवेअर कोणतं? फाइल कसली? जागा फोनवर घेतल्या की जीपीएस यंत्रावर? एवढं तरी लिहा.

किनवटचा
प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) चुकलंय, दुसरं काही नाही. यूटीएम म्हणजे मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत, तिचा 43 उत्तर पट्टा लावा. आमच्याकडे किनवटला 44 लागतं, कारण गाव 78 रेखांशाच्या पलीकडे आहे. मला हे कळायला पूर्ण सत्र गेलं होतं, रस्त्यांची लांबी जुळेचना.

भूगोलवेडा
किनवटचा, आकडे अंशात असतील तर असं करू नका. यूटीएम लावलं की लातूरचे 18 अक्षांश आणि 76 रेखांश हे मीटर धरले जातात आणि सगळ्या विहिरी विषुववृत्तावर, हिंदी महासागरात जातात. अंशांना ईपीएसजी 4326, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांचा कोड. अंतर मोजायची वेळ आली की मग रूपांतर करा.

सोपं_करा
क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. गूगल माय मॅप्सवर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) चढवा, एका थरात 2000 ओळी चालतात, तुमच्या तर 240च आहेत. माझ्या बहिणीने शाळांचा नकाशा तासाभरात केला.

मांजराकाठ
क्यूजीआयएसच वापरायचंय, गुण त्यालाच आहेत. फाइल सीएसव्ही, जागा फोनच्या ॲपवरून. 4326च लावलंय हो, तरी तेच!

मोजणीवाले_आजोबा
बाळा, फाइलमधली एक ओळ इथं जशीच्या तशी लिही. आणि फाइल जोडताना एक्सला कोणता रकाना दिलास, वायला कोणता, तेही.

मांजराकाठ
17, 18.4012, 76.5530, 9.5
17 हा विहिरीचा क्रमांक. एक्सला 18 वाला आकडा दिलाय, वायला 76 वाला. शेवटचा आकडा खोली.

मोजणीवाले_आजोबा
मग तिथंच अडलंय. बोलताना आपण आधी अक्षांश सांगतो, पण एक्स म्हणजे पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश. 76 एक्सला दे, 18 वायला. आत्ता तुझ्या विहिरी 76 उत्तर, 18 पूर्वेला आहेत. ते स्वालबार्ड बेटांजवळचं पाणी.

सोपं_करा
माय मॅप्स चढवतानाच विचारतं की अक्षांशाचा रकाना कोणता, रेखांशाचा कोणता. तिथं ही चूक झालीच नसती. म्हणून म्हणत होतो.

मांजराकाठ
आले! आजोबा, खूप खूप आभार. पण 28 विहिरी अजून औशाच्या पश्चिमेला पडायलेत, एका मित्राने नोंदवलेल्या तेवढ्याच. तो म्हणतो त्याने नीट लिहिलंय.

भूगोलवेडा
त्याच्या फोनवर अंश-मिनिट-सेकंद चालू होतं का ते बघा. 18 अंश 24 मिनिटं 30 सेकंद म्हणजे 18.4083. त्याने ते 18.2430 असं लिहिलं असेल तर विहीर 18 किलोमीटर दक्षिणेला गेली. रेखांशातही तसंच, म्हणून पश्चिमेलाही सरकली. मिनिटांना 60 ने, सेकंदांना 3600 ने भागा आणि अंशात मिळवा.

मांजराकाठ
हो, तेच निघालं. त्याच्या वहीत मिनिटाच्या खुणासुद्धा आहेत, टाइप करताना गेल्या. आता रंगीत नकाशा?

किनवटचा
आयडीडब्ल्यू करा, म्हणजे जवळच्या विहिरींच्या आकड्यांवरून मधल्या जागांचा अंदाज काढून रंग भरायचा. दोन मिनिटांत अख्खा तालुका निळा-लाल होतो, दिसायलाही छान.

भूगोलवेडा
दिसेल छान, पण खोटा असेल. लातूरखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कठीण खडक आहे. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत. एका बांधावरची विहीर भरलेली आणि शंभर पावलांवरची कोरडी, हे आपल्याकडं रोजचं. दोन विहिरींच्या मधला रंग सॉफ्टवेअर मनानं भरतं. त्यापेक्षा प्रत्येक विहिरीचा ठिपका खोलीप्रमाणे रंगवा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते माझ्या घरापर्यंत टँकरनं आलं. या जिल्ह्यात पाणी नसलेल्या जागी निळा रंग बघवत नाही.

किनवटचा
आमच्या सरांनी आयडीडब्ल्यूच शिकवलं आणि तेच मागितलं होतं. विद्यार्थ्याने काय करायचं?

शेतकरी_परभणी
ताई-दादा, एवढं कळतंय तर माझ्या गटात बोअर कुठं घ्यावा ते नकाशावर सांगता येईल का? दोन फेल गेलेत. 400 फूट, नुसता फुफाटा.

मोजणीवाले_आजोबा
शेतकरीदादा, या नकाशावरून ते सांगता येणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गट नंबर घेऊन जा.
बाळा, तुझी 9.5 खोली कशी मोजली? दोरी विहिरीच्या काठावरून सोडली की जमिनीपासून? तळापर्यंत की पाण्यापर्यंत?

मांजराकाठ
काठावरून, पाण्यापर्यंत. मीटरमध्ये. काही ठिकाणी दोरी पोचली नाही, तिथं मालकाने सांगितलेलं लिहिलं. एका आजींनी "सहा परस" सांगितलं, आम्ही 6 लिहिलं.

मोजणीवाले_आजोबा
अरे, परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढं माप. सहा परस म्हणजे 6 मीटर नव्हे, त्याहून कितीतरी खोल. अशा ओळी वेगळ्या काढ. मालकांना फोन करून विचार, आणि जमलं तर लांब दोरी घेऊन परत जा. काठाची उंचीही प्रत्येक विहिरीतून वजा कर, कुठं एक फूट असतो, कुठं तीन.

मांजराकाठ
अशा 11 ओळी निघाल्या. उद्या सकाळच्या एसटीनं जातोय, दोरी 30 मीटरची घेतलीय. ठिपक्यांचाच नकाशा करतो, सरांना बेसॉल्टचं कारण सांगेन. काठाची उंची 240 पैकी 90 ठिकाणी लिहिलेलीच नाही, त्यांचं काय करू?

भूगोलवेडा
त्या ठिपक्यांना पोकळ वर्तुळ द्या आणि खाली सूचीत लिहा, "खोली काठापासून". रंग तेच ठेवा.