इंग्रजीतल्या 'हू'च्या आधी स्वल्पविराम कधी द्यायचा?

प्रश्न, नागपूरच्या मनीषनगरवरून:
आमच्या अपार्टमेंटच्या बोर्डावर नोटीस लागली आहे: 'टेनंट्स, हू हॅव नॉट पेड मेन्टेनन्स, शुड मीट द सेक्रेटरी.' मी दर महिन्याला वेळेवर भरतो. तरी शेजारचे काका म्हणून राहिले की इंग्रजीप्रमाणे यात तुम्हीही आलेच. दोन स्वल्पविरामांनी एवढा फरक पडते काय?

उत्तर, धरमपेठेतून:
पडतो ना भाऊ! स्वल्पविराम काढून वाचा. मग 'हू'चा तुकडा भाडेकरूंमधून काहीजण निवडून काढतो: ज्यांनी भरलं नाही, त्यांनीच भेटावं. स्वल्पविराम घातले की निवड संपली. भाडेकरूंनी भेटावं, आणि जाता जाता कळवतो, त्यांच्यातल्या एकानेही पैसे भरलेले नाहीत! सेक्रेटरींना असं म्हणायचं नसणार, पण लिहिलंय तेच.

तो तुकडा 'कोणता?' याचं उत्तर देत असेल, तर स्वल्पविराम नको. कोणता ते आधीच ठरलेलं असेल, तर हवा. नाग नदी एकच, म्हणून 'द नाग रिव्हर, विच फ्लोज थ्रू द सिटी' असंच लिहायचं. अशा जादा माहितीच्या तुकड्यात 'दॅट' चालत नाही. निवडीच्या तुकड्यात वस्तूंसाठी 'दॅट' किंवा 'विच' दोन्ही चालतात. 'दॅट'च हवा हा हट्ट जास्त करून अमेरिकन संपादकांचा.

उत्तर, महालातून:
मी इंग्रजीची शिकवणी घेते, म्हणून थोडं जोडते. आपलं मराठीतलं 'जो... तो...' सहसा निवडायचंच काम करतं. जादा माहिती द्यायची तर आपण सरळ दुसरं वाक्य करतो. त्यामुळे पोरांना या स्वल्पविरामाची गरजच जाणवत नाही.

पण ती खरी अडकतात दुसरीकडे. 'द ऑफिस विच आय वेंट यस्टर्डे वॉज क्लोज्ड.' मराठीतल्या 'ज्या ऑफिसात'मध्ये 'त' आहे, तो इंग्रजीत येताना गळतो. तिथे 'टू' लागतो: 'द ऑफिस आय वेंट टू यस्टर्डे वॉज क्लोज्ड.' याच्या उलट, 'द बुक विच आय बॉट, इट इज लॉस्ट'मध्ये एक शब्द जास्तीचा आहे. 'जे पुस्तक घेतलं, ते हरवलं' यातला 'ते' हा असा 'इट' होऊन येतो. तो काढायचा.

म्हणून मी त्यांना जो-तो सोडून 'आणलेलं', 'पाहिलेलं' असं बोलायला लावते. 'मी बर्डीवरून आणलेलं पुस्तक.' आता 'पुस्तक' उचलून पुढे ठेवा, बाकीचं त्याच्या मागे: 'द बुक आय ब्रॉट फ्रॉम बर्डी.' इथे 'दॅट' गाळला तरी चालतं, कारण आणणारी मी आहे, पुस्तक नाही. 'द मॅन हू सेल्स ऑरेंजेस'मध्ये विकणारा तोच माणूस, म्हणून 'हू' गाळता येत नाही.

मनीषनगरवरून:
म्हणजे मी पेनानं दोन्ही स्वल्पविराम खोडले तर झालं?

धरमपेठेतून:
खोडाखोडी नका करू, उगाच मीटिंगमध्ये विषय निघेल. सेक्रेटरींना नवीन ओळ सुचवा: 'इफ यू हॅव नॉट पेड मेन्टेनन्स, प्लीज मीट द सेक्रेटरी.' त्यात 'हू'ची भानगडच नाही, आणि थकवलेले ओनरही सुटत नाहीत.