गच्चीचा दिवा, परत एकदा

नीलिमा (ए-५०३): गच्चीचा फ्लडलाइट काल पुन्हा रात्रभर चालू. पक्षी भोवती घिरट्या घालत होते, पहाटे काचेखाली दोन मेलेले. मीटिंगमध्ये ठरलंय: ११ नंतर दिवा बंद.

सेक्रेटरी: ताई, सुरक्षेचंही बघावं लागतं. शिवाय पक्षी चुंबकावर दिशा ओळखतात ना? दिव्याचा काय संबंध?

देसाईकाका: तोच तर संबंध! रॉबिन नावाच्या छोट्या युरोपीय पक्ष्याचं होकायंत्र बहुधा डोळ्यातच असतं. त्यातलं क्रिप्टोक्रोम-४ हे प्रथिन निळ्या उजेडात चुंबकक्षेत्राला प्रतिसाद देतं, हे २०२१ मध्ये परीक्षानळीत दिसलं.

पराग (सी-१०१): मग लाल बल्ब लावा, विषय संपला 😄

देसाईकाका: नको. पिंजऱ्यातल्या प्रयोगांत लाल उजेडात रॉबिनना दिशाच सापडत नाही. आणि ते होकायंत्र उत्तर-दक्षिण सांगत नाही. चुंबकरेषा जमिनीकडे किती कललेल्या आहेत ते बघून ध्रुवाकडे की विषुववृत्ताकडे एवढंच कळतं.

पराग: माझ्या खिडकीतल्या कबुतरांना विषुववृत्त दाखवा कोणीतरी.

देसाईकाका: कृत्रिम दिवस-रात्र देऊन कबुतराचं शरीरातलं घड्याळ ६ तास सरकवलं, की सूर्यावरून काढलेली दिशा साधारण ९०° चुकते. गंमत म्हणजे ढगाळ दिवशी तेच कबूतर नीट घराकडे निघतं.

शैलजा (बी-२०४): दिशा चुकलेली एक पांढरी गाडी रोज माझ्या जागेत उतरते. नाव घेत नाही.

पराग: घ्या ना नाव. 🙏

नीलिमा: ११ नंतर दिवा बंद.

शैलजा: दोष मोबाइल टॉवरचा. सगळीकडे लिहिलेलं असतं.

देसाईकाका: नाही हो. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या २०१४ च्या प्रयोगात रॉबिन गोंधळले ते ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या विद्युत गोंगाटाने. मोबाइल त्याच्या कितीतरी वर चालतो. खोलीला अ‍ॅल्युमिनियमचं आवरण घालून अर्थिंग दिलं, तर दिशा परत सापडली.

सेक्रेटरी: काका, आपण गच्चीवर येऊ का?

देसाईकाका: येतोच. न्यूयॉर्कमध्ये ९/११ च्या स्मरणार्थ आकाशात सोडतात त्या प्रकाशझोतांनी ७ रात्रींत सुमारे ११ लाख पक्ष्यांची वाट अडवली, असा २०१७ च्या अभ्यासाचा अंदाज. झोत विझवले की पक्षी पांगायचे. म्हणून तिथे झोतात हजारभर पक्षी अडकले की २० मिनिटं दिवे बंद ठेवतात. आपल्याला दिवा काढून टाकायला कोण सांगतंय? दिव्याला वरून झाकण, तोंड खाली, हालचालीवर लागणारा सेन्सर. ढगाळ रात्री जास्त जपायचं, तेव्हा तारे दिसत नाहीत आणि पक्षी खालून उडतात.

सेक्रेटरी: सेन्सरचं इलेक्ट्रिशियनला विचारतो. तोवर वॉचमन बंद करेल.

नीलिमा: किती वाजता?

सेक्रेटरी: ११, ताई. ११.

शैलजा: आणि पांढरी गाडी?